चौदाव्या खणातलं बत्तिसावं कार्ड

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चौदाव्या खणातून एक कार्ड जास्त निघालं. असायला हवी होती एकतीस. भरली बत्तीस.

सूचीकार बाईंनी पुन्हा मोजली. मग उलट बाजूनं मोजली. बत्तीसच.

संगीत ग्रंथालयातली जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्या महिन्यात सुरू झालं होतं, आणि चढवण्याआधी प्रत्येक संगीतकाराची कार्डं मोजून घ्यायची हा दंडक बाईंनीच घातलेला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही कार्ड गहाळ झालं नव्हतं. जास्त होण्याचा तर प्रश्नच नव्हता. कार्डं पोरं घालत नाहीत. शिवाय ही एकतीस त्यांना तोंडपाठ होती. ती त्यांच्या धाकट्या भावाची होती.

भाऊ संगीतकार. लहानपणी हाताला लागेल त्यावर, ताटावर, दप्तरावर, ताईच्या पाठीवर, बोटांनी टिचक्या मारत बसायचा म्हणून घरात त्याचं नाव टिचक्या पडलं, ते चोपन्नाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. आपल्या रचनांना त्यानं कधी क्रमांक दिले नाहीत. "मोजायचं काम ताईचं," असं तो चारचौघांत सांगायचा. "मी लिहितो. ती त्यांना शाळेत घालते आणि रोज हजेरी घेते."

हजेरीची रीत ठरलेली होती. आधी रचनेचा प्रकार, मग वाद्यं, मग क्रमांक, मग पट्टी. टोपणनाव असलंच तर सगळ्यांत शेवटी, अवतरणात. संगीतकारानं मुखपृष्ठावर हौसेनं काहीही लिहिलेलं असो, कार्डावर ते 'क्वार्टेट, तंतुवाद्यं, क्र. ३, जी मायनर' असं केस विंचरूनच यायचं. क्रमांक ग्रंथालय द्यायचं, लिहिल्याच्या क्रमानं. खाली प्रत्येक भागासाठी पाच रेघांची एक ओळ, तिच्यावर त्या भागाच्या पहिल्या चार बारांचे, म्हणजे तालाच्या चार घरांचे स्वर, म्हणजे चाळणाऱ्याला रचना लगेच ओळखू यावी. मागच्या बाजूला पेन्सिलीनं 'प्रत पाहिली', कार्ड करणाऱ्याची खूण आणि तारीख.

दोन नियम मात्र या सगळ्यांहून जुने. एक, प्रत हातात घेतल्याशिवाय कार्ड करायचं नाही. दुसरा, जिवंत माणसाच्या कार्डावर 'अपूर्ण' हा शब्द लिहायचा नाही. जिवंत माणसाचं काम अपूर्ण नसतं, चालू असतं. तो गेला आणि काम तसंच राहिलं, की मगच चौकटी कंसात तो शब्द पडतो.

बत्तिसाव्या कार्डावर लिहिलं होतं:

क्वार्टेट, तंतुवाद्यं, क्र. ७, एफ मेजर. [अपूर्ण. भाग ३.]

टिचक्यानं आजवर चार तंतुवादकांसाठीची अशी सहा क्वार्टेट लिहिली होती.

बाईंनी कार्ड उजेडात धरलं. स्वरांच्या तिन्ही ओळी कोऱ्या होत्या. मागे 'प्रत पाहिली' होतं, खालची खूण त्यांची स्वतःची होती, आणि तारखेची जागा मोकळी होती. वर भावाच्या नावापुढे जन्मसाल, त्यापुढे रेघ, रेघेपुढे काही नाही. पण त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. दुसरं साल भरायचं काम ग्रंथपालांचं. ते दाखला पाहिल्याशिवाय भरत नसत.

शेजारच्या टेबलावर बांधणीवाले मामा एका जुन्या सिम्फनीला पुठ्ठा चढवत होते. बाईंनी कार्डावर अंगठा असा ठेवला की फक्त आकडा दिसावा.

"मामा, हे अक्षर कुणाचं?"

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय विचारणं झालं? तुमचं. दुसऱ्या कुणाला सातच्या आकड्याला आडव्या रेघेचा कमरपट्टा बांधायची हौस आहे?"

"चेष्टा नको. नीट बघा."

"नीटच बघतोय. वीस वर्षं तुमचे सात बघतोय." मामा पुन्हा खळीकडे वळले. "स्वतःचं अक्षर ओळखेना म्हणजे रजा घ्या चार दिवस."

बाईंनी कार्ड खणात ठेवलं नाही. आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, कात्रीच्या खाली ठेवलं. फाडून टाकावं असं मनात आलं होतं, पण फाडलेल्या कार्डाची रद्द-वहीत नोंद करावी लागते, आणि नोंदीत कारण लिहावं लागतं. कारण काय लिहिणार?

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भावाला फोन लावला.

"बोला, हजेरीमास्तर," टिचक्या म्हणाला. पलीकडे टेबलावर बोटं वाजत होती.

"काय चाललंय?"

"आता आलीस मुद्द्यावर. कालच बसलोय. नवं क्वार्टेट."

बाईंनी घाईनं विचारलं, "कुठल्या पट्टीत?"

"अगं, गंमत म्हणजे परत एफ मेजर. सहाव्याचा जुळा भाऊच समज. त्यात बोलायचं राहिलेलं सगळं यात येतंय. तीन भाग डोक्यात तयार आहेत. चौथ्याचं बघू."

"टिचक्या, क्वार्टेट नको लिहूस."

"म्हणजे?"

"दुसरं काहीतरी लिही. पियानोसाठी लिही. गाणी लिही, कितीतरी वर्षांत गाणी लिहिली नाहीस."

"ताई, बरं आहे ना तुझं? मागच्या वर्षी तूच डोकं खात होतीस, सातवं कधी, सातवं कधी."

"होते. आता नाही खात."

तो हसला, आणि हसता हसता त्याला दम लागला. फोन भावजयीनं घेतला. "ताई, तुम्हीच समजवा यांना. डॉक्टरांनी जिना जपून चढायला सांगितलाय, आणि हे दिवसातून दहा वेळा माडीवर. पेन्सिल खाली राहिली, गेले. रबर वर राहिलं, आले."

"कधी सांगितलं डॉक्टरांनी? मला बोलला नाहीस," बाई म्हणाल्या. पण फोनवर भावजय होती, आणि टिचक्या एव्हाना जिना चढायला लागला होता. पावलं ऐकू येत होती.

त्या दुपारी बाईंनी तीन कार्डं चुकवली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

लिहू नकोस म्हटल्यानं टिचक्या थांबणार नव्हता, हे त्यांना त्याच्या जन्मापासून ठाऊक होतं. आई गेली त्या आठवड्यातही तो लिहीत होता. त्याला अडवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात काय होतं? क्रमांक होते. संध्याकाळी घरी भांडी आवरताना हे त्यांच्या डोक्यात आलं, आणि हातातलं भांडं तसंच ठेवून त्या कपाटाकडे गेल्या.

सगळ्यांत वरच्या फळीवर, जुन्या स्वेटरांच्या खाली, टिचक्यानं एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं एक क्वार्टेट होतं. परीक्षेसाठी लिहिलेलं, परीक्षकांनी टर उडवलेलं. त्यानं ते केराच्या टोपलीत घातलं होतं, ताईनं काढून ठेवलं होतं. चारही भाग पूर्ण. त्याचं कार्ड कधी झालं नव्हतं, कारण त्याची प्रत ग्रंथालयात कधी आलीच नव्हती.

ती ग्रंथालयात आली, तर नियमानं तेच क्र. १. मग पहिलं दुसरं होईल, दुसरं तिसरं. मागच्या वर्षी वाजलेलं, चार भागांचं, टाळ्या घेतलेलं सहावं होईल सातवं. सातव्याची जागा पुऱ्या झालेल्या कामानं भरेल. टिचक्या आता लिहितोय ते आठवं. आणि आठव्याबद्दल कुठलंही कार्ड काहीही म्हणत नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्या ग्रंथपालांसमोर उभ्या राहिल्या. ग्रंथपाल वयानं त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण खुर्चीनं मोठे.

"बाई, कॉम्प्युटरवर चढवायच्या तोंडावर सहाच्या सहा क्रमांक बदलायचे? तेही घरच्या माणसाचे? लोक म्हणतील, बाई भावासाठी नियम वाकवतात."

"वाकवत नाही. पाळतेय. प्रत हाती आली, लिहिल्याची तारीख प्रतीवर आहे. अजून काय लागतं?"

"त्यांना विचारलंत?"

"संगीतकाराला विचारून क्रमांक द्यायची पद्धत आपल्याकडे नाही."

ग्रंथपालांनी प्रत चाळली, मान डोलावली आणि सही केली. "यादी उद्या बाकीच्या ग्रंथालयांना जातेय. एकदा गेली की वर्षभर बदल नाही. मागून माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार," बाई म्हणाल्या.

दिवसभरात त्यांनी जुनी सहा कार्डं रद्द केली. रद्द करायची म्हणजे खालच्या बाजूला पंचनं भोक पाडायचं आणि ट्रेमध्ये टाकायचं. मग प्रती काढून नवी कार्डं केली. परीक्षेतल्या क्वार्टेटला एक आणि बाकीच्यांना दोनपासून सहापर्यंत, अशी सहा झाली. सातव्याचं तेवढं राहिलं, कारण त्याची प्रत आणि वादकांचे कागद मामांकडे बांधणीला गेले होते, आणि प्रत हातात घेतल्याशिवाय कार्ड नाही. नोंदवहीत मात्र त्यांनी क्रमांक मांडून ठेवला. खण मोजला. एकतीस. बांधणी होऊन आली की बत्तीस होतील आणि हिशेब जुळेल. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी चहा गरम असताना प्यायला.

सोमवारी अकरा वाजता मामा आले. काखेत नवं बांधलेलं पुस्तक होतं.

"घ्या तुमचं सातवं. एक विचारायचं होतं. शेवटची बारा पानं कोरी आहेत. कापून टाकू की राहू देऊ?"

"कसली बारा पानं?"

"तिसऱ्या भागानंतरची."

बाईंनी पुस्तक उघडलं. तिसरा भाग संपत होता, जाड दुहेरी रेघ होती, आणि पुढे नुसत्या ओळी. पाच रेघा, पाच रेघा, पाच रेघा, बारा पानं. खरवडल्याचा माग नव्हता, शाई पुसल्याचा डाग नव्हता. मग त्यांनी वादकांचे कागद काढले. चौघांच्याही कागदांवर चौथ्या भागाच्या जागी स्वर नव्हते. पण कोऱ्या ओळींच्या मधेमधे वादकांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा होत्या. इथे बोटाचा आकडा, तिथे बाण. दुसऱ्या व्हायोलिनच्या पानाच्या कोपऱ्यात घाईघाईनं लिहिलं होतं: 'पटकन उलट!'

"मामा, हे बघा. इथे काही वाजतच नसेल तर पान कशाला उलटायचं?"

"वादकांचं काय घेऊन बसलात. कोरा कागद दिसला की गिरवतात."

"मामा, मागच्या वर्षी कार्यक्रमाला तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. किती भाग वाजले?"

मामांनी त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "तीन. तिसरा संपल्यावर लोक चुळबुळले, टाळी वाजवू की नको. तेव्हा तुमचे बंधू उठून म्हणाले, बाकीचं सवडीनं. हशा पिकला की. तुम्हीही हसलात."

बाईंना चार भाग आठवत होते. चौथ्यात चेलोवाल्याची तार तुटली होती, तेही आठवत होतं. मामा गेल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला आणि कात्रीखालचं कार्ड काढलं.

तिन्ही ओळी आता भरलेल्या होत्या. पहिल्या भागाचे चार बार, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे चार, त्यांच्याच हातचे, त्यांच्याच बारीक शेपट्यांचे स्वर. ती टिचक्याच्या जुन्या सहाव्याची सुरावट होती. जे आता सातवं होतं. जे त्यांनीच सातवं केलं होतं.

खणातली एकतीस आणि हे एक मिळून बत्तीस. हिशेब बरोबर जुळत होता. सातव्याचं कार्ड करायची गरजच राहिली नव्हती. ते केलेलंच होतं.

बाई खुर्चीत बसल्या. आपण काय करून बसलो ते आता लख्ख दिसत होतं. टिचक्याला सातव्याचे तीन भाग लिहायला निदान वर्ष लागलं असतं, कदाचित दोन. ती दोन वर्षं त्यांनी एका गुरुवारात उडवून लावली होती. तीन भाग लिहून, वाजून, बांधून त्यांच्या टेबलावर पडले होते. उरलं काय होतं?

तिरीमिरीत त्या ग्रंथपालांकडे गेल्या. ग्रंथपालांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाई, यादी शुक्रवारी गेली." तरीही बाईंनी परत येऊन नोंदवहीतला क्रमांक खोडला, एकाचं कार्ड खणातून उपसलं, परीक्षेची प्रत पिशवीत घातली. मग पुस्तक उघडून पाहिलं. बारा पानं कोरीच होती.

तेव्हा त्यांना रद्द ट्रे आठवला. जुन्या सहाव्याचं कार्ड तळाशी सापडलं. 'एफ मेजर. भाग ४.' चार ओळी, चारही ओळींवर स्वर. चौथ्या भागाचे स्वर जगात आता तेवढेच होते. पण रद्द करताना पंच खालच्या बाजूला मारायची रीत, आणि चौथी ओळ सगळ्यांत खाली. भोक नेमकं चौथ्या बारावर पडलं होतं. तीन बार शाबूत होते. बाईंनी पंचखालचा डबा उलटा केला. तो शनिवारीच रिकामा झाला होता.

चौथा भाग पुन्हा लिहून पुरा झाला, तर कार्डावरचं 'अपूर्ण' खोटं ठरणार होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी फोन लावला.

"टिचक्या, नवं कुठवर आलं?"

"ते ठेवलं बाजूला. चार दिवस झाले. अगं, सहाव्याचा चौथा भाग लिहायचा राहिलाय हे माझ्या ध्यानातच नव्हतं. शुक्रवारी सकाळी दात घासताना आठवलं. मनाला टोचणीच लागली. पण काही सुचत नाही ताई, पाटी कोरी. तोंड उघडत नाहीये ते."

"कागद घे. मी सांगते ते लिही."

"तू?"

"लिही म्हणते ना. दोन-चारचा ताल. जलद. पहिलं व्हायोलिन." त्यांनी स्वर एकेक करून सांगितले. लांबी सांगितली, ठहराव सांगितला. पलीकडे बोटं टेबलावर आली. टिचक्या तीन बार वाजवून थांबला.

"पुढे?"

"पुढचं फाटलंय."

"कुणाचं आहे हे?"

"तुझं."

"माझं नाही वाटत." मग बोटं पुन्हा वाजली, तेच तीन बार आणि त्यांना जोडून आणखी थोडं. "पण बरं आहे गं. माझं नसलं तरी चोरण्याजोगं आहे."

"चोर. लवकर चोर. आजच्या आज पुरं कर."

"परवा लिहू नकोस म्हणत होतीस, आज आजच्या आज. तुझ्या क्रमांकांनी तुझं डोकं फिरलंय."

"फिरलंय. लिही. आणि ऐक, जिना चढू नकोस. खाली बसून लिही."

"पियानो वर आहे, ताई," टिचक्या म्हणाला, आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी भावजयीचा निरोप आला. रात्री जेमतेम झोपले, पहाटेपासून वर आहेत, दार लावून घेतलंय. दुपारी ती ताट घेऊन गेली तेव्हा त्यानं दार बोटभर उघडलं, एकशे नव्वद बार झाले म्हणाला, अजून तीसेक, आणि ताट घेतलं. चेहरा कसा होता, या बाईंच्या प्रश्नाला ती म्हणाली, "खूश होते. घामाघूम, पण खूश."

साडेतीनला बाईंनी खण मोजला. चार वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन केला आणि भावजयीला फोन घेऊन माडीवर जायला सांगितलं.

"दाराला लाव. मला ऐकायचंय."

"ताई, तुम्हीही ना. हाका मारू का?"

"हाका नको मारूस. लिहू दे. फक्त लाव."

टिचक्या ऐकू येत होत्या. टेबलाच्या लाकडावर दोन बोटं, जलद, दोन-चारच्या तालात. बाईंनी नकळत टेबलावर ताल धरला. मामांनी खळीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बाई बार मोजत होत्या. बारा. तेरा. चौदाव्या बाराच्या मध्यावर बोटं थांबली.

"पान उलटत असतील," भावजय म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "थांब जरा. बोलू नकोस."

ग्रंथालय पाचला बंद होतं. कार्ड टेबलावर पालथं ठेवलेलं आहे. 'प्रत पाहिली', त्याखाली त्यांची खूण. शेजारी टोक काढलेली पेन्सिल आहे, तिला बाईंनी हात लावलेला नाही. चार वाजून बावन्न मिनिटांपर्यंत टिचक्या पुन्हा ऐकू आलेल्या नाहीत. तारखेची जागा अजून मोकळी आहे.